‘मदर!’ला नापास करणाऱ्यांना कुणी विचारलं का?

‘मदर!’ या सिनेमाला अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी ‘एफ’ दिला होता. एफ म्हणजे नापास. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. एखाद्या मुलाला नापास करताना मी त्याचा पेपर पुन्हा उघडते, गणित कुठे अडलं ते बघते, एखाद्या पायरीचा अर्धा गुण सुटलाय का ते तपासते. त्यामुळे दोन तासांच्या एका सिनेमावर असा एका अक्षराचा शिक्का बसला, हे वाचलं तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी आमच्या हॉलमध्ये आम्ही तो बघितला, आणि त्यावरून घरात आणि शेजारात जो वाद पेटला तो अजून पूर्ण विझलेला नाही. ज्यांनी सिनेमा बघितला नसेल त्यांनी पुढे जपून वाचावं. शेवटापर्यंतची सगळी गोष्ट मी इथे सांगणार आहे, कारण त्याशिवाय वाद कशावरून झाला ते कळणार नाही.

आधी त्या ‘एफ’बद्दल. अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची एक संस्था आहे, १९७९ पासून चालत आलेली. सिनेमा लागला की पहिल्याच रात्री तिची माणसं थिएटरच्या दारात उभी राहतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या हातात छोटं कार्ड देतात. ए ते एफ यांतली एक श्रेणी द्यायची, वय सांगायचं, सिनेमाला का आलात ते सांगायचं. समीक्षकांना यात जागा नाही. तिकीट काढून, शुक्रवारची संध्याकाळ मोकळी ठेवून आलेल्या माणसाचं हे मत असतं. एफ मिळणं फार दुर्मीळ. साधे, रटाळ, फसलेले सिनेमेसुद्धा बहुधा बी किंवा सीवर सुटतात.

आता एफ मिळालेल्या सिनेमांची यादी काढून बघा. त्यात टुकार भयपट आहेतच. पण जॉर्ज क्लूनीचा २००२ चा ‘सोलॅरिस’ आहे, मेग रायनचा ‘इन द कट’ आहे, कॅमेरॉन डायझचा ‘द बॉक्स’ आहे, ब्रॅड पिटचा ‘किलिंग देम सॉफ्टली’ आहे, रिचर्ड गियरचा ‘डॉक्टर टी अँड द विमेन’ आहे. हे दिग्दर्शक कोण, तर स्टीव्हन सोडरबर्ग, जेन कॅम्पियन, रॉबर्ट ऑल्टमन. सिनेमा मनापासून करणारी माणसं. आणि प्रत्येक ठिकाणी पोस्टरवर एक असा चेहरा, ज्याच्या नावावर लोक डोळे झाकून तिकीट काढतात. याच गोष्टी अनोळखी नट घेऊन केल्या असत्या तर त्या चार छोट्या थिएटरांत लागल्या असत्या, त्यातली आवड असणारेच तिथे गेले असते आणि कुणी कुणावर चिडलं नसतं. चेहरा ओळखीचा होता म्हणून हजारो माणसं आत गेली आणि आत भलतंच निघालं. एफचा मोठा वाटा या भलत्याचा आहे, असं मला वाटतं.

‘मदर!’च्या बाबतीत हे फारच झालं. जेनिफर लॉरेन्स म्हणजे ‘हंगर गेम्स’ची नायिका. २०१२ ते २०१५ या काळात त्या मालिकेचे चार सिनेमे आले आणि जगभरच्या शाळकरी मुलींनी तिच्यासारखी वेणी घातली. बाविसाव्या वर्षी ऑस्कर. जोडीला हाविएर बार्देम, तोही ऑस्करवाला. एड हॅरिस, मिशेल फायफर. दिग्दर्शक डॅरेन ॲरोनॉफ्स्की, ज्याच्या ‘ब्लॅक स्वान’नं नॅटली पोर्टमनला ऑस्कर मिळवून दिलं होतं. जाहिरात अशी की लोकांना वाटावं, एकाकी घर, घाबरलेली बायको, म्हणजे भुताटकीचा सिनेमा असणार. सप्टेंबर २०१७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा टाळ्या आणि हुर्यो दोन्ही एकाच वेळी झाल्या. दहा-बारा दिवसांत तो अमेरिकेत दोन हजारांहून जास्त थिएटरांत लागला. त्याच रात्री कार्डं वाटली गेली, आणि एफ.

आमच्याकडे सांगलीत, विश्रामबागेत, महिन्यातून एकदा हॉलच्या भिंतीवर सिनेमा बघायची पद्धत आहे. मंडळ नाही, वर्गणी नाही. प्रोजेक्टर भाच्याचा, भिंत आमची, भडंग जो येईल तो आणतो. येणारी माणसं ठरलेली: माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, धाकटे दीर आणि जाऊबाई, समोरच्या काकू, गल्लीच्या टोकाला राहणारे इंग्रजीचे निवृत्त सर, वालचंदमध्ये इंजिनिअरिंग करणारा भाचा आणि त्याचे दोन-तीन मित्र. नेहमी जुने हिंदी, मराठी, कधी इराणी वगैरे सिनेमे बघतो. ‘मदर!’ मी सुचवला. फोनवर सगळ्यांना सांगितलं की सिनेमा मोठ्यांचा आहे, त्रास होईल, शेवट फार कठीण आहे. माझी एक भाची तेव्हा गरोदर होती, तिला मी स्पष्ट ‘येऊ नकोस’ म्हटलं.

आईंना इंग्रजी येत नाही. एरवी शेजारी बसून मी हळू आवाजात सांगत जाते. या वेळी सांगावंच लागलं नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

गोष्ट अशी. मोठं जुनं घर, आजूबाजूला नुसतं गवत आणि झाडं. नवरा कवी आहे, त्याला बरेच दिवस काही सुचत नाही. हे घर पूर्वी जळालेलं आहे आणि बायको एकटी ते पुन्हा उभं करते आहे, भिंतींना स्वतः गिलावा देते आहे. कुणालाच नाव नाही. एका रात्री दारात एक अनोळखी माणूस येतो. कवी त्याला आत घेतो आणि रात्री इथेच राहा म्हणतो, बायकोला न विचारता. दुसऱ्या दिवशी त्या माणसाची बायको येते. ती स्वयंपाकघरात पसारा करते, आवरत नाही, वर हिलाच विचारते की तुम्हाला मूल का नाही. मग त्यांचे दोन मुलगे येतात, भांडतात, एक दुसऱ्याला मारून टाकतो. सगळे त्याला घेऊन दवाखान्यात धावतात आणि ही एकटी जमिनीवरचं रक्त पुसत बसते. मग दुखवट्याला पंचवीस-तीस माणसं येतात, तीही याच घरात.

कॅमेरा पूर्ण वेळ तिच्यासोबत आहे. एक तर तिचा चेहरा, नाही तर तिच्या खांद्यावरून दिसणारं, नाही तर तिला दिसतं तेवढंच. सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, बहुतेक हातात कॅमेरा धरून काढलेलं. पार्श्वसंगीत नाही. जोहान जोहानसन या नामवंत संगीतकारानं ते रचायला घेतलं होतं, पण नंतर त्यानं आणि दिग्दर्शकानं मिळून संगीत काढूनच टाकायचं ठरवलं. त्यामुळे ऐकू येतात ते फक्त घराचे आवाज: फळी करकरते, नळ वाजतो, कुणीतरी वरच्या मजल्यावर चालतं. तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या आहात आणि बाहेरच्या खोलीत कोण आलं ते नुसतं ऐकू येतंय, हे ज्या बाईनं अनुभवलंय तिला या सिनेमात भाषेची गरज पडत नाही.

सिंकचा प्रसंग आला तेव्हा आमचा हॉल फुटलाच. स्वयंपाकघरातलं सिंक अजून भिंतीला नीट बसवलेलं नाही. त्यावर बसू नका, असं ती दुखवट्याला आलेल्या एका जोडप्याला सांगते. ते उतरतात, पुन्हा बसतात. ती पुन्हा सांगते. ते तिच्याकडे बघून हसतात आणि मुद्दाम त्यावर उड्या मारतात. जाऊबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम ओरडल्या, “अगं, हाकल की त्यांना!” सिंक तुटलं, पाण्याचा लोंढा फुटला. पडद्यावर ती किंचाळून सगळ्यांना घराबाहेर काढते तेव्हा जाऊबाईंनी टाळ्या वाजवल्या. आईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. “घरात मयत झालंय त्यांच्या. दारात आलेल्याला न्हाई म्हणायचं व्हय? नवरा बरोबर करतोय.”

तिथेच सिनेमा थांबवावा लागला. चहा टाकला, आणि चहा होईस्तोवर दोन तट पडले.

मला अपेक्षा होती की सर आणि मुलं एका बाजूला असतील, बाकीचे दुसऱ्या बाजूला. म्हणजे असे सिनेमे बघायची सवय असलेले आणि नसलेले. तसं झालं नाही. सर पहिल्या अर्ध्या तासातच वैतागले होते, कारण त्यांना सगळं आधीच कळलं होतं. त्यांचं म्हणणं, हे बायबल आहे. कवी म्हणजे देव, बायको म्हणजे धरणी, आलेला माणूस आदम. रात्री तो बाथरूममध्ये वाकून ओकत असतो तेव्हा त्याच्या बरगडीपाशी जखम दिसते, आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको हजर होते, तीच ईव्ह. भाऊ भावाला मारतो तो केन. सिंकचं पाणी म्हणजे महापूर. सरांचं हे बरोबर आहे, दिग्दर्शकानंही पुढे मुलाखतींतून साधारण हेच सांगितलं. पण मला वाटतं, त्यानं ते सांगायला नको होतं. एकदा हा तक्ता हातात आला की माणूस बाईकडे बघायचं सोडतो आणि जोड्या लावत बसतो. सरांनी तेच केलं. तिचा चेहरा दोन फुटांवर असताना ते पुढे कुठला अध्याय येणार याचा अंदाज बांधत होते. आईंना आदम-ईव्ह माहीत नाहीत. त्या एकेका माणसाकडे बघत होत्या, ताट कुणी उचललं, दार कुणी उघडलं, कोण कुणाशी कसं बोललं.

आईंच्या आणि जाऊबाईंच्या वादाला आमच्या घरात जुनं कारण आहे. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सगळं पाण्यात. विश्रामबाग उंचावर, आमचं घर कोरडं राहिलं. गावभागातले मावससासरे, त्यांची मुलं-सुना, त्यांचे भाडेकरू, भाडेकरूंचे पाहुणे, असे सगळे आमच्याकडे आले. नळाला पाणी नव्हतं, टँकरच्या रांगेत हंडे-कळश्या लावायच्या. जाऊबाई आणि मी दिवसभर पोळ्या लाटत होतो. दारात उभे राहून माझे यजमान आणि दीर येईल त्याला “या, या” म्हणत होते, आणि आई आतून “किती जण?” एवढंच विचारत होत्या.

त्यात चूक कुणाचीच नव्हती. ज्यांच्या घरात छातीइतकं पाणी आलंय त्यांना कुणी परत पाठवतं का? मला त्यांना घ्यायचंच होतं. आजही घेईन. पण सिनेमातल्या त्या बाईकडे बघताना मला जाणवलं की तेव्हा मला आणि जाऊबाईंना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मीही “या”च म्हटलं असतं. ते म्हणायची संधी मला हवी होती. जाऊबाई हे चहाच्या वेळी सगळ्यांसमोर बोलल्या. यजमान म्हणाले, “पुरात विचारत बसायला वेळ होता का?” नव्हता, हेही खरं. आई म्हणाल्या, “मला तरी कधी कुणी विचारलं? मी वाढलेच की सगळ्यांना.” जाऊबाई म्हणाल्या, “आई, तेच म्हणतीय मी.”

मग कुणी काही बोलेना. भाच्यानं विचारलं, “पुढचं लावू का?”

दुसऱ्या भागात घर शांत झालेलं आहे. बायको गरोदर आहे, कवीला कविता सुचली आहे, पुस्तक निघालं आहे. तिनं दोघांसाठी जेवणाचं टेबल मांडलं आहे आणि दारात त्याचे वाचक उभे. आधी थोडे, मग गर्दी. त्याला ते आवडतं. तो त्यांना हात लावतो, त्यांच्या कपाळाला अंगठ्यानं खूण करतो. ते आठवण म्हणून घरातल्या वस्तू उचलून न्यायला लागतात. इथे आई म्हणाल्या, “आता ह्याचा बुवा झाला.”

या एका वाक्यानं माझ्यासाठी सिनेमा उलगडला. सरांचा तक्ता बाहेरून आला होता. आईंचा बुवा इथला आहे. दर्शनाची रांग, प्रसाद, अंगारा, पायाची धूळ, आणि हे सगळं चालू असताना मागच्या दारी बुवांच्या घरची बाई काय करत असते? तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. भक्तांना ती दिसतच नाही. लॉरेन्सला त्या गर्दीत लोक ढकलत असतात तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हिला घेण्यात दिग्दर्शकानं फार विचार केलाय. जगातला सर्वांत ओळखीचा चेहरा घ्यायचा, आणि पडद्यावर असं घर दाखवायचं की ज्यात एकही माणूस त्या चेहऱ्याला ओळखत नाही. अनोळखी नटी असती तर त्या धक्क्यांत एवढी बोच राहिली नसती.

पुढचा अर्धा तास सांगायला अवघड आहे. घरात दंगल होते, पोलीस घुसतात, गोळीबार होतो. विनोदी भूमिकांसाठी लोकांना माहीत असलेली क्रिस्टन विग इथे कवीची प्रकाशक आहे, आणि बघता बघता ती डोकी झाकलेल्या माणसांना रांगेत गोळ्या घालते. या सगळ्यात मूल जन्मतं. कवीला ते लोकांना दाखवायचं असतं, ती देत नाही, कवटाळून बसून राहते. तिचा डोळा लागतो. तो बाळ उचलून गर्दीत देतो. गर्दी ते डोक्यावरून हातोहात पुढे सरकवते, बाळ दगावतं आणि लोक ते खातात.

समोरच्या काकू तिथेच उठल्या. चपला घालताना म्हणाल्या, “असलं दाखवायला मला बोलवत जाऊ नकोस.” त्यांच्यामागून भाच्याचा एक मित्र उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. दीर पडद्याकडे पाठ करून बसले. आईंनी तोंडाला पदर लावला, पण उठल्या नाहीत.

काकूंशी माझं आठवडाभर बोलणं नव्हतं. मग मीच गेले. त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहू का, असं मी त्यांना विचारलंय. त्यांचं म्हणणं असं: बाळाला काही झालेलं दाखवायचं असेल तर ते दाखवल्याशिवाय सांगता येतं. आपल्याकडे कीर्तनकार कंसानं देवकीची बाळं मारल्याचं सांगतात, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, पण कुणी ते दाखवत नाही. ज्या बाईचं मूल गेलंय ती बघणाऱ्यांत बसलेली असू शकते, याचा विचार त्या दिग्दर्शकानं केला का? काकूंना मी बरीच वर्षं ओळखते. त्या हे तत्त्व म्हणून बोलत नव्हत्या. त्यावर मी काही बोलू शकले नाही आणि आजही माझ्याकडे उत्तर नाही.

माझं मत विचाराल तर पहिला दीड तास मला अफाट आवडला. शेवटचा भाग हाताबाहेर गेला असं मला वाटतं. बाळ तिच्या हातातून काढून घेतलं जातं, इथपर्यंत मी पूर्ण तिच्याबरोबर होते. पुढचं खाणं आलं आणि मला ख्रिस्ताचा प्रसाद, म्हणजे चर्चमध्ये त्याचं शरीर मानून खातात ती भाकर, आठवायला लागला. म्हणजे ज्या क्षणी मी रडायला हवं होतं त्या क्षणी मीही सरांसारखी तक्ता भरायला लागले. हा दोष मी दिग्दर्शकाचा मानते. शेवटी ती घराला आग लावते, सगळं भस्म होतं, कवीला साधा चटकाही बसत नाही. जळालेल्या तिच्याकडे तो आणखी एक गोष्ट मागतो, तिच्या छातीतलं उरलेलं प्रेम, आणि तेही ती देते. घर पुन्हा नवं होतं, पलंगावर नवी बाई जागी होते. “दुसरी केली,” आई म्हणाल्या. एवढंच.

सिनेमा लागल्यावर महिन्याभरात मार्टिन स्कॉर्सेसी या नामवंत दिग्दर्शकानं एक लेख लिहिला होता. सिनेमांना अशा श्रेणी देण्याच्या पद्धतीवर त्यानं टीका केली आणि ‘मदर!’ची बाजू घेतली. त्याचा मुद्दा मला मान्य आहे. सहज समजावून देता येत नाही अशा कलाकृतीला पहिल्याच रात्री नापास म्हणणं क्रूर आहे. तिकडे वर्षातल्या सर्वांत वाईट सिनेमांची थट्टा करणारे रॅझी पुरस्कार असतात, त्यांत लॉरेन्स, बार्देम आणि ॲरोनॉफ्स्की तिघांनाही नामांकन होतं. लॉरेन्सचं ते काम ज्यानं बघितलंय त्याला ही थट्टा सहन होणार नाही. त्या गर्दीच्या प्रसंगांचं चित्रीकरण करताना धापा टाकून टाकून तिची बरगडी दुखावली होती.

पण स्कॉर्सेसीच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ लोक पुढे जाऊन म्हणायला लागतात की प्रेक्षकांना समजलं नाही. इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. आमच्या काकूंना सगळं समजलं होतं. समजलं म्हणून त्या उठल्या. जाऊबाईंनी ‘हाकल की’ म्हटलं तेव्हा त्यांना ना बायबल ठाऊक होतं, ना दिग्दर्शकाचं नाव. त्या शुक्रवारी अमेरिकेत ज्यांनी कार्डावर एफ लिहिला त्यांच्यात अशा काकू किती असतील? आणि अशा जाऊबाई किती, ज्यांनी ए लिहिला? एफ ही शेवटी सरासरी आहे. त्या सरासरीत कोण का चिडलं हे दिसत नाही. सिनेमाला का आलात, हे कार्डावर विचारतात. उठून का गेलात, हे कुणी विचारत नाही.

अशा भांडणांची सांगलीला सवय असायला हवी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे पहिलं नाटक केलं म्हणून आपण गावाला नाट्यपंढरी म्हणतो, दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. पण या मातीतली मला जास्त जवळची गोष्ट आहे गोविंद बल्लाळ देवलांची. देवल आपल्या हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे. १८९९ मध्ये त्यांनी ‘शारदा’ रंगभूमीवर आणलं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिली जाणारी कोवळी मुलगी, आणि पैशासाठी ते लग्न ठरवणारा तिचा बाप. समोर बसलेल्यांत असे बाप आणि असे नवरेही असतील, कारण तो काळच तसा होता. त्यांना ते नाटक ऐकवलं कुणी? पदांनी आणि ती गाणाऱ्या नटांनी. गाणं ऐकायला माणूस यायचा आणि शारदेचं दुःख ऐकून जायचा. नंतर १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ आलं तेव्हा सखाराम होते निळू फुले, ज्यांना लोक तमाशापटांतून ओळखत होते. त्या नाटकाला परिनिरीक्षण मंडळानं अडवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि प्रयोग पुन्हा सुरू झाले. लोकांच्या आवडीचा नट बोचऱ्या गोष्टीत उभा केला की माणसं चिडतात, हे आपल्याकडे फार आधीपासून चालू आहे. आणि त्याच नटामुळे ती गोष्ट अशा माणसांपर्यंत जाते जी एरवी तिच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. आमच्या आई लॉरेन्सचं नाव ऐकून आल्या नव्हत्या. भाच्याचे मित्र मात्र फक्त तिच्यासाठी आले होते. त्यांतला एक, जो गॅलरीत जाऊन उभा राहिला होता, तो नंतर मला म्हणाला की त्याच्या घरी आत्या-काका आले की आई दोन दिवस आधीपासून गप्प होते. आजवर त्याला ते आईचं डोकेदुखीचं दुखणं वाटत होतं. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. त्यानं सिनेमाला किती गुण दिले, मी विचारलं नाही. तो चिडलेलाच होता, शेवटच्या प्रसंगावर फार चिडला होता.

सर अजूनही म्हणतात की सिनेमा ढोबळ आहे. यजमान म्हणतात की कॅमेरा इतका हलतो की डोकं धरलं. जाऊबाईंनी तो परत एकदा, सिंक फुटेपर्यंतच, मोबाईलवर बघितला. आईंचं मत बदललेलं नाही. आलेल्याला दार उघडायचंच, असं त्या म्हणतात. मात्र बुवा झाल्यानंतर त्यानं दार लावायला हवं होतं, एवढं त्या मान्य करतात. नेमकं कुठल्या पाहुण्यानंतर लावायला हवं होतं, यावर त्यांचं आणि जाऊबाईंचं एकमत होत नाही. परवा भाकरी थापतानाही तेच चाललं होतं.

काकू पुढच्या महिन्यात आल्या. येण्याआधी फोन करून त्यांनी सिनेमाचा शेवट काय आहे ते विचारलं. मी पूर्ण सांगितला. आता मी सगळ्यांनाच विचारते, शेवट आधी सांगू की नको. भाच्याला हे आवडत नाही, त्याच्या मते त्यानं सिनेमाच मरतो. त्याला नको तर मी त्याला सांगत नाही. काकूंना सांगते.